सीटकव्हर

आदल्या रात्री हत्तरगे बाईंचा फोन:
एसटी मिळत नाही, तुमची गाडी लागेल.
मागच्या सीटला पट्टे आहेत का, तिन्ही?
मी म्हणालो, आहेत की, कंपनीनंच दिलेत.
आहेत ते ठाऊक आहे. लागतात का?

टॉर्च घेऊन अंगणात गेलो.
लातूरहून शिवून आणलेलं साडेचार हजारांचं कव्हर,
चॉकलेटी, शिवणीला पांढरा दोरा,
त्याच्याखाली सगळी बक्कलं गडप.
चार वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.
बियाण्याच्या पोत्यांना पट्टा लागत नाही,
आणि पाव्हण्याला लाव म्हणावं तर तो हसतो:
आपण काय इमानात बसूलालाव का?

दुकानातलं ब्लेड आणलं, पिशव्या फोडायचं.
बायको दारात उभी. अहो, नवं कोरं…
एक चीर. दुसरी. तिसरी जरा वाकडी गेली.
खालून बक्कलं निघाली, मातीनं बसलेली,
सोबत चार हरभरे
आणि कैवल्यचं दुसरीतलं खोडरबर.

पुढं माझ्या स्वतःच्या बक्कलात
ते बारकं लोखंडी टोक होतं,
तीस रुपयांचं, गाडीला थापा मारायला:
ओरडू नको, बांधलाय मी पट्टा.
तेही उपसलं, खिशात घातलं.

सकाळी शाळेपुढं सहा गाड्या.
बाईंनी लायसन पाहिलं, विमा पाहिला,
मग पदर खोचून टायरांपाशी वाकल्या.
एक गाडी तिथूनच परत पाठवली.
तळहातासारखं गुळगुळीत झालंय हे, म्हणाल्या.
तीन लेकरं उरली.
कुणीतरी बोललं, बारकी हायत, मांडीवर मावतेत.
मावतात, बाई म्हणाल्या. थांबत नाहीत.

म्हणून पाऊण तास दुसऱ्या गाडीची वाट पाहिली.
तेवढ्यात निम्म्या दशम्या संपल्या,
एकाची चप्पल गटारात गेली,
शिपाई नागनाथमामांनी काठीनं काढली.

मग यादी वाचली.
माझ्याकडं शिवलीला, मिसबाह, सुमेध,
पुढं नागनाथमामा.
कैवल्य मुंगळेंच्या गाडीत.
मुंगळे! दसऱ्याला जळकोटच्या वळणावर
उसाच्या ट्रॉलीला डावीकडून काढलेली ह्यानं,
मी मागून पाहिलंय.
बाई, माझं पोरगं माझ्याच गाडीत बसवा की.
बाईंनी वहीचं पान उलटलं.
पलीकडं मुंगळे माझ्याकडं बघत होता.
शिवलीला त्याची.
त्यानंही मला कधीतरी मागून पाहिलं असेल.

हैदराबादचे ट्रक हॉर्न मारत गेले,
मोटारसायकली गेल्या, एक दुधाचा टेम्पोसुद्धा गेला.
मी पन्नासच्या वर काटा चढू दिला नाही.
पुढं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना लाल कापड,
ऊस रस्त्यावर लोळत चाललेला.
त्यांच्या मागंच राहिलो, येणेगूरपर्यंत.
मामा म्हणाले, सायकलवर आलो असतो तर बरं.
आणि झोपले.

येणेगूरच्या पुढं मिसबाहला उलटी झाली.
गाडी पार खाली मातीत घेतली,
पोरं रस्त्याच्या उलट्या बाजूनं उतरवली,
बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं.
ती सीटकडं बघून रडायला लागली:
काका, तुमचं कव्हर.
म्हटलं, ते आधीच फाटलंय, बघ.
तिनं चिरेत बोट घालून पाहिलं.
कुणी फाडलं?
मीच.
कामून?
तेवढ्यात सुमेधला शेळ्या दिसल्या.

नळदुर्गला मुंगळेची गाडी आमच्याही मागून आली.
कैवल्य उतरला, शर्टावर तिरकी चुणी,
खांद्यापासून कमरेपर्यंत.
बाबा, मुंगळेकाका लईच हळू चालवतेत.
पोरं पाणीमहालाकडं पळाली,
बाई मागून मोजत, सतरा, अठरा, थांब रे, अठरा.

आम्ही दोघांनी टपरीवर चहा घेतला.
कापसाचा भाव निघाला, बोरीचं पाणी निघालं,
रस्त्याचं काही निघालं नाही.
पैसे द्यायला खिशात हात घातला,
मूठभर चिल्लर टपरीवाल्यापुढं ओतली.
त्यानं नाणी मोजून घेतली
आणि ते लोखंडी टोक बोटानं माझ्याकडं सरकवलं.
हे चालत नाही, काका.
मुंगळेनं ते ओळखलं.